रात्रीचा पल्ला आणि पैऱ्याचा गडी

मुरगूड : आषाढातली रोपलागण उरकत आली की तरुण पोरांना पन्हाळ्याचे वेध लागतात. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर दर पावसाळ्यात जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरून शेकडो जण पायी निघतात. बहुतेक जण मुक्काम करून चालतात. काहींच्या मनात मात्र एका रात्रीत ती वाट धावून काढायची असते. तुमच्या घरातला पोरगा असं काही बोलू लागला तर त्याला लगेच खुळ्यात काढू नका. 'कुणाबरोबर जाणार?' हा प्रश्न मात्र आधी विचारा. रात्रीचा लांब पल्ला एकट्या गड्याचं काम नव्हे. त्याला पैरा लागतो.

सहाशे पायांची नव्हे, सहाशे माणसांची वाट

सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्यावरून निघाले. बरोबर सुमारे सहाशे मावळे होते. वर पाऊस, खाली चिखल. मसाई पठार ओलांडून गजापूरची घोडखिंड आणि पुढं विशाळगड असा हा साठेक किलोमीटरचा पल्ला. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर असतं. म्हणजे ही वाट मॅरेथॉनच्या जवळजवळ दीडपट भरते, तीही डोंगरातून.

ती रात्र वेगावर जिंकली गेली नाही, कामाच्या वाटणीवर जिंकली गेली. शिवा काशीद यांनी दुसऱ्या पालखीत बसून शत्रूला भुलवलं आणि जीव दिला. बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह खिंडीत थांबले, म्हणून महाराज विशाळगडाला पोचले. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती मागं थांबणाऱ्यांमुळं.

धावणं आपल्याला परकं नाही

धावणं शहरातल्या लोकांचा शौक आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला १९२० सालची गोष्ट सांगा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकरी घरची पोरं अनवाणी धावताना पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले. त्यातूनच भारताचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवायची खटपट सुरू झाली. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. बेळगाव आपल्यापासून किती लांब आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पैरा कसा जुळवायचा?

दोन घरचे दोन बैल एका औताला जुंपताना तुम्ही काय बघता? चाल बघता. एक ओढाळ आणि एक सुस्त असला तर रान नांगरून होत नाही, मान मात्र सोलून निघते. धावण्याच्या जोडीचंही तसंच आहे. आपल्यापेक्षा फार चपळ गडी घेऊ नका. जोडीची चाल हळू गड्याच्या चालीनं ठरवा. धावता धावता दोघांना गप्पा मारता येत असतील तर चाल बरोबर आहे. बोलताना धाप लागली तर कमी करा. चढाला सरळ चाला, त्यात कमीपणा नाही.

निघण्याआधी दोघांत एक करार करा. एकानं 'थांबू' म्हटलं की दुसऱ्यानं वाद घालायचा नाही. बाजीप्रभूंच्या वेळी मागं थांबणं हे कर्तव्य होतं. आज जोडीदाराला अंधारात मागं सोडून पुढं जाणं हा गुन्हा समजा.

दोन ते पाच सांभाळा

उसाला रात्रपाळीची वीज आली की तुम्ही पाणी पाजायला जाता. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा कसा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या वेळी अंगातली ऊब उतरते, पाय अडखळतात, डोकं चालत नाही. या तीन तासांत जोडीदाराशी बोलत राहा. भिजलेल्या अंगाला पठारावरचा वारा लागला की गारठा आत शिरतो. गडी थडथडू लागला, जीभ जड झाली, पाय वेडेवाकडे पडू लागले की तिथंच थांबा. ओले कपडे काढा, कोरडं घोंगडं गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. ही लक्षणं ज्याला होतात त्याला ती कळत नाहीत, जोडीदारालाच कळतात.

पाणी तहानेप्रमाणं प्या. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. जवळ गूळ, शेंगदाणे, मीठ-साखरेचं पाणी ठेवा. वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका, ती मूत्रपिंडाला बाधते. लघवी काळ्या चहासारखी झाली तर दवाखाना गाठा. साप चावला तर मांत्रिक नको, चिरणं नको, आवळून बांधणंही नको. पाय हलवू न देता सरकारी दवाखान्यात न्या. १०८ नंबर दोघांच्याही फोनात हवा.

कारभारी मंडळींसाठी

पन्हाळ्याची वाट वर्षातून एकदा, पण आपल्या भागातला रस्ता रोजचा. पोलीस भरतीला पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी पोरंपोरी भल्या पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतात. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला पायी निघणारेही अंधारात याच रस्त्यानं जातात. गळीत हंगामात त्याच वेळी उसाच्या ट्रॉल्या धावतात, मागं ना दिवा ना चकाकणारी पट्टी.

सरपंच, ग्रामसेवक, नगरसेवक मंडळींनी यात लक्ष घालावं. शाळेचं मैदान पहाटे खुलं ठेवता येतं. वळणावरची झुडपं छाटता येतात, बंद पडलेला खांबावरचा दिवा लावता येतो. ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉलीला लाल पट्टी लावावी, तिला फार खर्च येत नाही. धावणाऱ्यांनी पांढरा सदरा घालावा, हातात बॅटरी ठेवावी, रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल असं धावावं, आणि जोडी असली तरी एकामागं एक.

उद्या पहाटे तुमचा पोरगा बूट बांधू लागला की विचारा, 'बरोबर कोण आहे?' नाव सांगितलं तर त्याला बिनघोर जाऊ द्या. सांगता आलं नाही तर त्या दिवशी तुम्हीच सायकल काढा.