पपा, पत्ती आणि पाणपोई

सत्कृत्याविषयी बोलताना आपण बहुधा सावकारी भाषा वापरतो. उपकार ‘फेडायचे’ असतात, कोणाचे तरी ‘ऋण’ आपल्या शिरावर असते, आणि ते न फेडणारा कृतघ्न ठरतो. पालि वाङ्मयातही कृतज्ञतेचे महत्त्व थोडे नाही. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात दोन प्रकारच्या व्यक्ती जगात दुर्लभ म्हणून सांगितल्या आहेत. त्यांपैकी दुसरी व्यक्ती ‘कतञ्ञू कतवेदी’, म्हणजे केलेले जाणणारी व मानणारी. पण तिच्या आधी नाव आले आहे ते ‘पुब्बकारी’चे. पुब्बकारी म्हणजे आधी करणारा; समोरच्याने आपल्यासाठी काही केले आहे काय, पुढे करील काय, हा हिशेब न मांडता पहिले पाऊल टाकणारा. आमच्या मते हा क्रम अर्थपूर्ण आहे. परतफेडीने दोन माणसांमधील खाते बंद होते. पुब्बकारी नवे खाते उघडतो, आणि ते पुष्कळदा तिसऱ्याच माणसाच्या नावाने.

संयुत्त निकायाच्या देवतासंयुत्तात ‘वनरोप’ नावाचे एक लहानसे सुत्त आहे. कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते, असा प्रश्न देवता विचारते. उत्तरादाखल भगवंतांनी यज्ञयाग सांगितले नाहीत. बागा व वने लावणारे, पूल बांधणारे, ‘पपा’ आणि ‘उदपान’ देणारे, निवारा देणारे अशी माणसे त्यांनी सांगितली. उदपान म्हणजे विहीर व पपा म्हणजे पाणपोई. संस्कृतात हाच शब्द ‘प्रपा’, प्राकृतात ‘पवा’. आपल्या ‘पाणपोई’तील ‘पोई’ आम्हास त्याच कुळातली वाटते. या यादीतील प्रत्येक गोष्टीचा उपभोग घेणारा देणाऱ्याला अपरिचित आहे. झाड लावणारा झोपला तरी सावली कोणीतरी घेत असतो. दिवसा आणि रात्रीही पुण्य वाढते याचा अर्थ इतका साधा आहे.

बीड जिल्ह्यातील वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही. पैठणहून खाली येणारी गोदावरी या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गेवराई व माजलगाव तालुक्यांना स्पर्श करीत जाते. परंतु आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटच्या माथ्याचा भाग पर्जन्यछायेचा. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून कालमापनासारखा येतो, आणि २०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांनी टँकरमागे धावणारी घागरींची रांग तरुण पिढीलाही दाखविली. बीड शहराजवळची निजामशाही काळातील खजाना बावडी, सोळाव्या शतकातली, आजही लोक अभिमानाने दाखवितात. ज्या भूमीत पाणी दुर्मिळ, तेथे पाणी देणे हीच सत्कृत्याची पहिली व्याख्या झाली तर त्यात नवल नाही.

महाराष्ट्रात या परंपरेचे पुरावे दगडात कोरलेले आहेत. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात त्याने नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा केल्याचा, तसेच नद्या उतरण्यासाठी विनामूल्य नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. तो नहपान क्षत्रपाचा जावई. त्याच्यापाशी साधने विपुल होती. परंतु कान्हेरीच्या डोंगरावर जाऊन पाहावे. तेथे भिक्षूंच्या निवासाशेजारी पाण्याची टाकी खोदलेली आहेत, आणि लेखांतून त्यांना ‘पोढी’ हा शब्द येतो. कान्हेरीचे दाते व्यापारी आहेत, गृहस्थ आहेत, स्त्रिया आहेत, प्रव्रजित भिक्षुणीही आहेत. राजाने राज्याच्या मापाने दिले, गृहिणीने घराच्या मापाने दिले. लेखात दोघांच्या दानाला शब्द एकच: ‘देयधम्म’.

सातवाहनांच्या पैठणशी ज्याचे नाव जोडले आहे त्या हालाच्या गाथासप्तशतीतही पाणपोईवरची तरुणी भेटते. तहानेलेला पांथस्थ ओंजळीची बोटे सैल करून पाणी सांडू देतो, म्हणजे तिच्याकडे अधिक वेळ पाहता येईल. तीही पाण्याची धार बारीक करते. विषय शृंगाराचा आहे, धम्माचा नव्हे, हे मान्य. पण दोन हजार वर्षांपूर्वी गोदातीरी वाटसरूला पाणी घालण्यासाठी पोईवर माणूस बसत असे, एवढे त्या गाथेवरून निश्चित समजते.

येथपर्यंतचे चित्र मनोहर आहे. ते येथेच थांबविले तर मात्र आम्ही अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. पाणपोईवरचे लांब दांड्याचे ओगराळे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते लांब का असे याचे दुसरेही कारण ठाऊक आहे. रांजण सर्वांसाठी, पण त्याला हात लावणे सर्वांसाठी नव्हे. कोणाला तांब्या हाती मिळे, कोणाच्या ओंजळीत हातभर वरून धार पडे, आणि कोणाला दूर उभे राहून वाट पाहावी लागे. पाणी देणारा स्वतःस दयाळू समजत असे, आणि कदाचित मनाने तो दयाळू असेलही. परंतु ज्या क्षणी त्याने ओगराळे उंच धरले, त्या क्षणी त्याने पाण्याबरोबर आणखी काही दिले: घेणाऱ्याला त्याची जागा दाखवून दिली.

पालि परंपरेने या धोक्याचा विचार केलेला आहे. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात चार संगहवत्थू, म्हणजे माणसांना जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी, आल्या आहेत: दान, पेय्यवज्ज, अत्थचरिया आणि समानत्तता. देणे, गोड बोलणे, हिताचे काम करणे हे तिन्ही गुण वरच्या पायरीवर उभे राहूनही आचरता येतात. चौथा तसा आचरता येत नाही. समानत्तता म्हणजे समोरच्याशी समभावाने वागणे, त्याच्या सुखदुःखात बरोबरीने असणे. हा चौथा नसेल तर पहिल्या तिहींचे रूपांतर मेहेरबानीत होण्यास वेळ लागत नाही. दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात आनंद विहिरीवरच्या मातंगकन्येकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. तो उत्तरतो की मी जात विचारली नाही, पाणी मागितले आहे. हा ग्रंथ संस्कृतातला, पालि तिपिटकातला नव्हे, हे अभ्यासकांनी ध्यानी ठेवावे. त्यातील दृष्टी मात्र परकी नाही. विशेष हे की येथे भिक्षू घेणारा आहे आणि जिला सर्वांनी हीन मानले ती देणारी आहे. आनंदाने तिला काही दिले नाही. तिच्याकडून घेतले, आणि तेच मोठे देणे झाले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, हे सर्वश्रुत आहे. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय यावयास १९३७ साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! ही पार्श्वभूमी मनात ठेवूनच आज १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रात गावोगावी जे दृश्य दिसते त्याकडे पाहिले पाहिजे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात बसस्थानकापाशी, चौकात, विहाराच्या दारी भीमजयंतीची पाणपोई उघडते. गोणपाट गुंडाळलेला रांजण असतो, अलीकडे बहुधा थंड पाण्याचे जार असतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ओंजळीवरची धारही विनासायास मिळत नव्हती, त्यांची नातवंडे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात ग्लास देतात, आणि घेणाऱ्याला नाव-आडनाव विचारीत नाहीत. वास्तविक येथे परतफेड करावयाची तर कोणाची करणार? ज्याने उंचावरून ओतले त्याचीच? ही मुले त्या हिशेबात पडलीच नाहीत. त्यांनी पुब्बकारी होणे पसंत केले. (फलकावरील पुढाऱ्यांची छायाचित्रे रांजणाहून मोठी नसावीत, एवढे मात्र सुचवावेसे वाटते. कान्हेरीच्या दात्यांनीही नावे कोरली. पण टाके नावापेक्षा मोठे होते.)

आता ‘पत्ती’ या शब्दाकडे वळू. सुत्तांत पुण्याची साधने तीन सांगितली आहेत: दान, शील व भावना. अट्ठकथांनी त्यांचा विस्तार दहापर्यंत केला, आणि त्या दहांत ‘वेय्यावच्च’, ‘पत्ति’ व ‘अनुमोदना’ यांना स्थान दिले. वेय्यावच्च म्हणजे सेवेची लहान-मोठी कामे. पत्ति म्हणजे आपल्या पुण्याचा वाटा दुसऱ्याला देणे, आणि अनुमोदना म्हणजे दुसऱ्याच्या सत्कृत्याने मनापासून आनंदित होणे. पुण्यदान हा आपल्याकडे पुष्कळदा केवळ मृतांच्या निमित्ताने उच्चारावयाचा विधी होऊन बसला आहे. धम्मपद-अट्ठकथेतील अन्नभाराची कथा वाचली तर त्याचा जिवंत अर्थ कळतो.

अन्नभार हा सुमन नावाच्या श्रेष्ठीच्या आश्रयाने राहणारा, गवत वाहून पोट भरणारा मजूर. एके दिवशी त्याने आपल्या वाट्याचे अन्न एका पच्चेकबुद्धांना दिले. ही वार्ता श्रेष्ठीला कळताच त्याने द्रव्य देऊन ते पुण्य विकत मागितले. मजुराने विकण्यास नकार दिला. मग श्रेष्ठीने वाटा मागितला. वाटा दिल्याने आपले कमी होईल काय, हे विचारण्यासाठी अन्नभार पच्चेकबुद्धांकडे गेला. त्यांनी दिव्याचा दृष्टान्त दिला: एका घरच्या दिव्यावर गावाने आपापल्या वाती लावून नेल्या, तर पहिल्या दिव्याचा प्रकाश घटतो काय? अन्नभार परत आला आणि त्याने वाटा दिला, तोही मूल्य न घेता. या कथेत दाता मजूर आहे व याचक धनिक आहे. चांगुलपणाच्या बाबतीत धनिकापाशी भांडवल असतेच असे नाही, हे अट्ठकथाकारांना पुरते ठाऊक होते.

बीड जिल्ह्यात गवत वाहणाऱ्या अन्नभाराची जागा ऊस तोडणाऱ्याने घेतली आहे. राज्यातील ऊसतोड कामगारांचा मोठा भाग याच जिल्ह्याचा. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, पती-पत्नीने मिळून एक ‘कोयता’ व्हावयाचे, आणि दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जावयाचे. मागे गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले उरतात. मुलांसाठी शाळांना जोडून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती दोन वेळच्या जेवणाची सोय करते. परंतु रात्री ताप आला तर कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणारी असते ती आजी, आणि आजी नसेल तर शेजारची आजी. तिचे वेय्यावच्च कोणत्याही शिलालेखात येणार नाही. तिकडे फडावर त्या मुलांची आई दुसऱ्या कोणाच्या तान्ह्याला आपल्या बाळाबरोबर झोळीत टाकते. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नसते. पत्ती म्हणतात ती हीच.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अशा कथांनी भारावून जाऊन शेजारधर्म आहे तर योजना कशाला, असे कोणी म्हणू लागेल तर तो धम्म नव्हे. अशोकाने दिल्लीच्या तोपरा स्तंभावर, सातव्या लेखात, वड व आमराया लावल्याचे, आठ-आठ कोसांवर (काही अभ्यासक अर्धा कोस असे वाचतात) विहिरी खोदविल्याचे, पाणपोया घातल्याचे नमूद केले आहे. लगेच तो म्हणतो की हे सुख तसे क्षुल्लकच. पूर्वीच्या राजांनीही अशी सुखे दिली. आपण हे केले ते लोकांनी धम्माचे अनुसरण करावे म्हणून. म्हणजे पाणपोई घालणाऱ्यालाच तिच्या मर्यादेची जाणीव होती. कोयत्याला योग्य दर आणि गावाला नळ हे हक्काचे विषय आहेत. ते मागण्याचा आवाज रांजणाच्या पाण्याने गार होता कामा नये.

त्याच लेखात अशोकाने या सोयी पशू व माणसे दोहोंच्या उपभोगासाठी केल्याचे सांगितले आहे, आणि ही बाब आमच्या जिल्ह्यात प्रत्यक्ष उपयोगाची आहे. कारखान्यांचा हंगाम बहुधा मार्चअखेरीस आटोपत येतो. टोळ्या परततात त्या १४ एप्रिलच्या आधीच, ट्रक-ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून, अनेकदा रात्री-अपरात्री. टायरगाडीवाल्यांचे बैलही त्यांच्याबरोबर असतात. म्हणून जिल्ह्यातील विहारांना व जयंती मंडळांना आमची विनंती आहे की पाणपोया मार्चच्या मध्यास सुरू कराव्यात, रात्री जार आत नेऊन ठेवण्याऐवजी एक रांजण भरून बाहेर ठेवावा, आणि रस्त्याच्या कडेला बैलांसाठी एक दोण ठेवण्यास विसरू नये.