पाठीवर बसण्याआधी

घोड्याचे पूर्वज मोकळ्या गवताळ रानांत वाढले. तिथे पाठीवर जे झेपावतं ते खायलाच झेपावतं. त्यामुळे पाठीवर अनोळखी वजन पडलं की कंबर उडवायची आणि धूम ठोकायची, हे शिंगराला कुणी शिकवावं लागत नाही. स्वारीसाठी घोडा तयार करायचा म्हणजे त्याची नेमकी हीच जागा त्याच्याकडून राजीखुशीने मागून घ्यायची. पूर्वी हे काम चाबूकस्वार करत. आज रेसच्या जगात त्याला सरसकट ‘ब्रेकिंग’ म्हणतात. चांगल्या हातात पडलेल्या शिंगराचं मात्र यात काहीच मोडत नाही.

पहिला प्रश्न वयाचा. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर पळणाऱ्या थरोब्रेड घोड्यांचं हे शिक्षण साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात सुरू होतं. भारतात थरोब्रेडचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि एप्रिलमधलं शिंगरू कागदावर एकाच वयाची ठरतात. हाडं कागद पाहत नाहीत. पुढच्या पायात गुडघ्याच्या वर जे लांब हाड असतं, त्याची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते. पाठीचे मणके तर पक्के व्हायला पाच-सहा वर्षं घेतात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझ्झानर घोड्यांचं शिक्षण चार वर्षांच्या सुमारास सुरू होतं. रेसच्या धंद्याला तेवढा धीर नाही. म्हणून तिथे सुरुवातीला हलक्या अंगाचा स्वार आणि थोडका वेळ, एवढी पथ्यं तरी पाळावी लागतात.

शिकवणीची सुरुवात खोगिरापासून होत नाही. मोरखी घालून नीट चालणं, खरारा करून घेणं, चारही खूर उचलू देणं, नालबंदासमोर उभं राहणं हे आधी यावं लागतं. मग तोंडात बिट. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात मोकळी हिरडी असते, बिट तिथे बसतं. शिंगराच्या पहिल्या बिटाला मधोमध धातूच्या छोट्या पट्ट्या लोंबत ठेवतात. शिंगरू त्या जिभेने चाळवत राहतं आणि तोंडातल्या लोखंडाची धास्ती हळूहळू जाते.

त्यानंतर लांब दोरीवर गोलात फिरवणं, म्हणजे लंजिंग. इथे शिंगरू माणसाच्या आवाजावर चालायला, दुडकायला आणि थांबायला शिकतं. डावीकडून जे शिकवलं ते उजवीकडूनही पुन्हा शिकवावं लागतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा सुटते. डाव्या डोळ्याने पाहून ठेवलेली छत्री उजव्या डोळ्यासमोर आली की तो पुन्हा नव्याने बुजू शकतो. स्वार तर दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकदम दिसणार असतो.

पाठीवर आधी नुसता पट्टा बांधतात, मग खोगीर येतं. तंग एकदम आवळला तर शिंगरू उसळतं आणि तो धसका बराच काळ राहतो. म्हणून एक भोक आवळायचं, चार पावलं चालवायचं, मग पुढचं भोक. यानंतर दोन लांब लगाम धरून माणूस मागून चालतो. वळणं, थांबणं, रस्त्यातला पाण्याचा पाइप किंवा फडफडणारी ताडपत्री ओलांडणं, हे सगळं पाठीवर कुणी नसतानाच शिकवून होतं. स्वार चढतो तो शेवटी. आधी तबेल्यातच पोटावर आडवा पडतो, सईस मोरखी धरून एक फेरी मारतो. ते शांतपणे झालं की पाय पलीकडे जातो. बाहेरच्या पहिल्या फेऱ्यांना पुढे एखादा वयस्क, न बिथरणारा घोडा असतो. नवख्याला धीर तोच देतो.

या साऱ्या पायऱ्यांखाली नियम एकच आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. स्वाराच्या पोटरीचा हलका दाब पडला आणि घोड्याने पाऊल पुढे टाकलं, तर त्याच क्षणी पोटरी सैल व्हायला हवी. दोन सेकंद उशीर झाला आणि तेवढ्यात घोड्याने मान झटकली, तर सुटकेचं बक्षीस मान झटकण्याला मिळतं. उद्या तो चालायच्या ऐवजी मान झटकणार, आणि त्याच्या कपाळी ‘हट्टी’ असा शिक्का बसणार. जो स्वार लगाम सतत ताणून धरतो, त्याच्या घोड्याला ताण ही नेहमीची गोष्ट वाटू लागते. मग थांबवायला आणखी ताण, त्याहून कडक बिट, आणि शेवटी काटेरी बिट. आपल्याकडे प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५च्या नियमांनी काटेरी बिटावर बंदी घातली आहे. असं बिट घोड्याच्या दोषापेक्षा त्याला शिकवणाऱ्या हाताचा उशीरच अधिक दाखवतं.

ही समज नवी नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने घोड्यांवर पुस्तक लिहिलं. मुलाला कारागिराच्या हाताखाली देताना करतात तसा लेखी करार शिंगरू शिकवायला देतानाही करावा, परत येईल तेव्हा त्याला काय काय आलं पाहिजे ते आधीच ठरवावं, असं तो सांगतो. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, हेही त्याचंच. फ्रान्सच्या तेराव्या लुईला घोडेस्वारी शिकवणाऱ्या प्लुव्हिनेलने सतराव्या शतकात जोरजबरदस्तीपेक्षा घोड्याच्या अकलेवर भर दिला. १९८९मध्ये माँटी रॉबर्ट्‌स या अमेरिकी शिक्षकाने विंडसरला राणी एलिझाबेथसमोर गोल रिंगणात कोरे घोडे अर्ध्या-अर्ध्या तासात खोगिराखाली आणून दाखवले. त्याची पद्धत जगभर गेली. मात्र अर्ध्या तासात खोगीर चढतं, शिक्षण पुरं होत नाही.

कारण स्वार बसल्यावर घोड्याला तोल नव्याने सांभाळावा लागतो. उभ्या घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं. स्वार आणि खोगीर त्यात भर घालतात. मागचे पाय पोटाखाली घेऊन भार मागे तोलणं हे स्नायूंचं काम आहे, ते व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक रंग आणि भोवरे पाहतंच, पण घोडा चालवून दाखवायलाही सांगतं. त्या चार पावलांत त्याला मागची मेहनत किंवा घाई वाचता येते.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, रेसमधली त्याची उमेद मात्र पाच-सात वर्षांच्या वयातच बहुधा सरते. त्यातले काही पुढे रायडिंग क्लबांत जातात आणि दहा-बारा वर्षांची पोरं त्यांच्यावर मांड शिकतात. तिथे त्यांनी जिंकलेल्या शर्यतींचा उपयोग नसतो. शिकाऊ पोराचा तोल जाऊन लगाम चुकून ओढला गेला, तर घोडा उधळतो की थांबतो, एवढंच महत्त्वाचं ठरतं. त्या उत्तराचा बराचसा भाग, दीड वर्षाचा असताना पहिल्यांदा त्याचा लगाम ज्याने धरला, त्याने तेव्हाच लिहून ठेवलेला असतो.