विश्लेषण : जुन्या ‘एमजीबी’चा क्लच सुटत नाही? इंजिन उतरवण्याआधी हे तपासा

ब्रिटनमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ‘एमजीबी’ ही आजही हौशी मंडळींची लाडकी स्पोर्ट्‌स कार. मात्र तिची क्लचप्लेट बदलायची तर इंजिन बाहेर काढावे लागते. त्यामुळे दोष ओळखण्यात चूक झाली, तर श्रम आणि पैसा दोन्ही वाया जातात.

बिघाड नेमका कोणता?

पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, तर गिअर कचकचतो. इंजिन आयडलवर ठेवा, पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर क्लच सुटत नाही, असे समजावे. याउलट चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे. प्लेट झिजणे किंवा तिच्यावर तेल येणे ही त्याची नेहमीची कारणे.

पेडल ‘ॲडजस्ट’ करता येते का?

केबलवर चालणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्ये पेडलला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी लागते. एमजीबीचा क्लच हायड्रॉलिक आहे. प्लेट झिजेल तशी स्लेव्ह सिलिंडरमधील पिस्टनची जागा आपोआप सरकते. म्हणून मूळ रचनेत फिरवायला स्क्रूच नाही. चाल कमी पडत असेल, तर ती कुठे हरवते हे शोधायचे.

तपासणी कशी करावी?

गाडी भक्कम स्टँडवर घ्या. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने स्लेव्ह सिलिंडरचा दांडा किती सरकतो ते मोजावे. साधारण अर्धा इंच चाल अपेक्षित असते.

* चाल कमी, पण पेडल दोन-तीनदा दाबल्यावर सुधारते : पाइपात हवा किंवा मास्टर सिलिंडरचे रबर सील खराब. हवा काढा, गळती पाहा.
* चाल कमी आणि पेडल सुरुवातीला सैल : पेडलला दांडा जोडणारी पिन व तिचे भोक झिजलेले असते. स्वस्तातली ही पिन अनेकदा नजरेतून सुटते.
* चाल पुरेशी, तरी गिअर कचकचतो : दोष आत आहे, इंजिन उतरवण्यावाचून पर्याय नाही.

काळजी कोणती?

मूळ रिलीज बेअरिंग कार्बनचे आहे. सिग्नलवर पेडल दाबून थांबण्याची सवय ते लवकर झिजवते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पाय काढावा. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, अन्यथा रंग निघतो.