लोकलच्या दुसऱ्या टोकाला

लोकलच्या डब्यात दारावर लावलेला नकाशा मुंबईत रोज लाखो माणसं पाहतात. बहुतेकांना त्यातली दोनच स्थानकं लागतात, घराचं आणि कामाचं. त्याच नकाशाच्या टोकांना डहाणू रोड, कसारा, खोपोली, पनवेल आणि २०२४पासून उरण ही नावं आहेत. तिथे जायला आरक्षण लागत नाही, गाडी ठरवावी लागत नाही, कुणा सहल कंपनीची वाट पाहावी लागत नाही. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी जेवायला परत येऊ शकतो. तरी सुट्टी आली की आपण द्रुतगती महामार्गावरच्या टोलच्या रांगेत जाऊन थांबतो. लोकलने काय काय पाहता येतं याची मोजदादच आपण कधी केलेली नाही, हे त्याचं कारण आहे.

रूळ तिथूनच का गेले?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. कल्याणला मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाटाकडे जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाटाकडे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या इंजिनिअरांना सह्याद्री चढून दख्खनेत शिरायचं होतं, आणि डोंगर जिथे थोडीफार वाट देतो अशा जागा मोजक्याच होत्या.

त्या जागा दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होत्या. सोपारा आणि कल्याण ही सातवाहनकाळातली नावाजलेली बंदरं. तिथे उतरलेला माल बैलांच्या तांड्यांवरून घाट चढे. घाटवाटांच्या आसपास लेणी उभी राहिली. बोरघाटाच्या पायथ्याला कोंडाणे, माथ्यावर कार्ले, भाजे आणि बेडसे. साष्टीच्या डोंगरात कान्हेरी आहे. तिथल्या शिलालेखांत कल्याण आणि सोपारा इथल्या दात्यांचे उल्लेख सापडतात. भिक्षूंना निवारा व्यापाऱ्यांच्या दानातून मिळाला, आणि व्यापारी याच वाटांवरचे होते. म्हणून आज लेणी पाहायला निघालेल्याला रेल्वे स्थानक जवळ सापडतं. जुन्या मार्गाला आणि नव्या मार्गाला डोंगराने एकच वाट दिली होती.

बोरघाटाचं काम सोपं नव्हतं. १८५६मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८५८मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र प्रवासी पालखी, तट्टू आणि बैलगाडीने चढत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरं करून घेतलं. १८६३मध्ये घाट खुला झाला. सुमारे पंचवीस किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांवर चढण, आणि कुठे कुठे सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र चढ. आजही पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या कर्जतला थांबतात, तेव्हा मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडली जातात. फलाटावरचा वडा प्रसिद्ध झाला तो या थांब्यामुळेच.

आखणी परतीपासून

एका दिवसाची सहल उलट्या बाजूने आखावी. घरी किती वाजता पोचायचं ते आधी ठरवा. मग परतीची गाडी निवडा आणि तिच्या आधीची एक गाडीही टिपून ठेवा. त्यातून स्थानकापर्यंतचा वेळ, पाहण्याचा वेळ आणि जेवणाचा वेळ वजा करत मागे या. जी वेळ हाती उरेल ती निघण्याची वेळ. कल्याणच्या आणि विरारच्या पुढे लोकलची संख्या झपाट्याने उतरते. दादरला एक गाडी चुकली तर काही मिनिटांनी दुसरी मिळते, पण कसाऱ्याला किंवा डहाणूला चुकलेली गाडी सगळा बेत बिघडवते.

दिवस निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. कामाच्या दिवशी सकाळची गर्दी दक्षिणेकडे असते आणि संध्याकाळची उत्तरेकडे. सहलीला निघालेला माणूस नेमका उलटा जातो, त्यामुळे हक्काची रजा मधल्या वारी घेतली तर जाता-येता खिडकी मिळण्याची शक्यता बरीच. रविवारी मेगाब्लॉक असतो. रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड वायरची दुरुस्ती त्याच दिवशी होते, जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात, काही रद्द होतात. ब्लॉकची सूचना आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत येते, ती वाचूनच निघावं. कर्जतची लोकल इंडिकेटरवर ‘एस’ आणि कसाऱ्याची ‘एन’ या अक्षराने ओळखली जाते. पहिल्यांदा जाणाऱ्याची इथे हमखास गडबड होते, आणि कल्याणनंतर चुकीच्या फाट्यावर गेलेला तास भरून निघत नाही.

तिकिटाचंही भान हवं. लोकलच्या तिकिटावर मेल-एक्स्प्रेसमध्ये बसता येत नाही. लोणावळ्यापर्यंत जायचं तर मुंबईहून लोकल नाहीच, त्यासाठी एक्स्प्रेसचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

तीन वाटा

पहिली वाट सगळ्यांत सोपी, नालासोपाऱ्याची. स्थानकाच्या पश्चिमेला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं टेकाड १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरलं, तेव्हा तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी होती आणि तीत आठ लहान धातुमूर्ती. त्याच वर्षी सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती लागला. १९५६मध्ये नवव्याचा सापडला. दुपारनंतर वसई रोडला उतरून किल्ला पाहता येतो. १५३४पासून पोर्तुगिजांकडे असलेला हा कोट १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला. बंदर, धर्म आणि साम्राज्य यांचा दोन हजार वर्षांचा पट शेजारशेजारच्या दोन स्थानकांत पाहून होतो.

दुसरी वाट मध्य रेल्वेची. अंबरनाथला उतरून शिलाहारांचं शिवमंदिर पाहावं. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख त्यात आहे. वालधुनीकाठच्या काळ्या दगडावरचं कोरीव काम तासाभरात पाहून होणारं नाही. अर्धा दिवस त्यालाच द्या. चालण्याची हौस असलेल्यांनी पुढे कर्जत गाठून, कोंदिवडे गावावरून कोंडाणे लेण्यांचा दिवस स्वतंत्र ठेवावा.

तिसरी वाट लांबची. सकाळच्या एक्स्प्रेसने लोणावळा आणि तिथून पुणे लोकलने पुढचंच स्थानक मळवली. रुळांच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं, आणि त्याच्या छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. लोणावळा-पुणे लोकलच्या वेळांमध्ये दुपारी मोठं अंतर पडू शकतं, म्हणून परतीची वेळ आधी पाहून घ्यावी. दोन्ही लेणी आणि वर लोहगड असा हट्ट धरू नये. एका दिवसात दोन ठिकाणं, ही मर्यादा पाळली तरच पाहणं होतं.

ऋतू आणि जबाबदारी

पावसाळ्यात सह्याद्री सुंदर असतो आणि तेव्हाच सर्वांत धोक्याचा. ओढे अचानक फुगतात, दरडी येतात, प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं. ती बंदी पाळावी. नेरळ-माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात पूर्ण मार्गावर धावत नाही. १९०७मध्ये सुरू झालेला तो मार्ग २०१९च्या पावसात वाहून गेला होता आणि पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. दिवाळीनंतरचे चार महिने चालायला, पाहायला आणि शिलालेखांवर ऊन पडलेलं वाचायला सर्वांत चांगले.

आणखी एक मागणी आहे. कार्ले, कान्हेरी, वसई इथल्या भिंतींवर नावं कोरणारे आपल्यातलेच असतात, आणि प्लास्टिक टाकून जाणारेही. ज्या गावातून वाट जाते तिथे चहा घ्या, जेवण घ्या, रिक्षावाल्याला ठरलेले पैसे द्या. आपल्या येण्याचा त्या गावाला उपयोग झाला पाहिजे.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत घरातल्या मुलांना लोकलचा नकाशा समोर ठेवून एक स्थानक निवडायला सांगा. परतीची गाडी त्यांनाच शोधू द्या. तिकिटाचे पैसे तेवढे तुम्ही द्या.