चौकट : 'चमको'ची आई

दूरदर्शनला विनोद लिहून देणाऱ्या बाईची वाट कशी असते? सई परांजपे यांची नीट पाहा. जन्म १९३८, लखनौ. आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' हे पुस्तक छापून आलं. मग पुणे आकाशवाणीवर निवेदन, १९६३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पदविका, पुढे दिल्ली दूरदर्शनवर निर्मातीची नोकरी. या नोकरीला कमी लेखू नका! तिथेच 'धुआँ धुआँ' ही टेलिफिल्म झाली आणि तिच्यातूनच 'चश्मे बद्दूर' (१९८१) हा चित्रपट उभा राहिला. त्यात घरोघर फिरून 'चमको' पावडर विकणारी मुलगी अनोळखी घरात टॉवेल धुऊन दाखवते, आणि समोरचा पोरगा मात्र टॉवेल सोडून तिच्याकडे बघत बसतो. टाळीचं वाक्य एकही नाही, तरी हसू थांबत नाही.

'कथा' (१९८३) चाळीतला. त्यानंतर त्या पुन्हा छोट्या पडद्याकडे वळल्या : 'अडोस पडोस' (१९८४), 'छोटे बडे' (१९८५). २००६ मध्ये पद्मभूषण.

फुलचूर, गोंदियाकडच्या वाचकाला प्रेक्षक हसवणं शिकवायला नको. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसणारं गाव विनोदी पात्राची नेमकी वाट बघतं. विनोद बघण्याचा हा सराव झालेल्या मुलींनी तो लिहायलाही घ्यावा. आधी सईबाईंचं 'सय' हे आत्मकथन मात्र जरूर वाचावं.