दूरदर्शक, सुवाह्य

दूरदर्शक, सुवाह्य : एका व्यक्तीस उचलून नेता येणारा, प्रवासी सामानात मावणारा व मुक्कामाच्या जागी थोड्या वेळात उभारता येणारा लहान दूरदर्शक. शहरी दिव्यांच्या उजेडामुळे अंधुक अभ्रिका व दीर्घिका दिसेनाशा होतात. म्हणून तो अंधाऱ्या जागी नेणे आवश्यक ठरते. खानदेशातील निरीक्षकांना सातपुड्यातील पाल व तोरणमाळ (उंची सु. १,१५० मी.; १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात, नंतर नंदुरबार जिल्ह्यात) आणि चाळीसगावजवळील पाटणादेवी ही स्थळे सोयीची आहेत. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा १२०७ मधील शिलालेख पाटण येथेच आहे. अभयारण्याच्या हद्दीत जाण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्यावी लागते.

द्वारक व विवर्धन : दूरदर्शकाची गुणवत्ता प्रथमतः त्याच्या द्वारकावर, म्हणजे वस्तुभिंगाच्या किंवा मुख्य आरशाच्या व्यासावर, अवलंबून असते. अंधारात डोळ्याची बाहुली सु. ७ मिमी. रुंदावते, ७० मिमी. द्वारक तिच्या १०० पट, तर १३० मिमी. द्वारक सु. ३४५ पट प्रकाश गोळा करतो. वस्तुभिंगाच्या केंद्रांतरास नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले असता विवर्धन मिळते. उदा., ६५० मिमी. केंद्रांतराच्या दूरदर्शकास २५ मिमी.ची नेत्रिका जोडल्यास २६ पट व १० मिमी.ची जोडल्यास ६५ पट विवर्धन होते. द्वारकाच्या मिलिमीटरमधील मापाच्या दुपटीपलीकडे विवर्धन वाढविल्यास प्रतिमा मोठी, पण धूसर होते. त्यामुळे लहान दूरदर्शकाच्या खोक्यावर छापलेला शेकडो पटींचा आकडा पाहून खरेदी केल्यास पैसे बहुधा वाया जातात.

प्रकार : (१) ७० ते ८० मिमी.चा भिंगाचा दूरदर्शक हलका व दणकट असतो, त्याची जुळणी सहसा बिघडत नाही. मात्र तेजस्वी वस्तूंच्या कडांना किंचित रंगीत झाक दिसते. (२) ११० ते १३० मिमी.चा न्यूटन पद्धतीचा परावर्तक तेवढ्याच खर्चात अधिक प्रकाश देतो. परंतु घाटरस्त्यातील हादऱ्यांनंतर आरशांची जुळणी तपासावी लागते. (३) ९० ते १०० मिमी.चा माक्सुटोव्ह दूरदर्शक आखूड असून चंद्र व ग्रह यांसाठी उत्तम. त्याचे दृष्टिक्षेत्र मात्र अरुंद असते. ज्यास एवढाही खर्च नको, त्याने ७ × ५० किंवा १० × ५० मापाच्या द्विनेत्रीने आरंभ करावा.

बैठक : डळमळीत तिपाईवर उत्तम भिंगही निरुपयोगी ठरते. जॉन डॉब्सन यांनी अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात लोकप्रिय केलेली साधी लाकडी बैठक नवशिक्यास सर्वांत सोपी होय. तिचा लहान प्रकार भक्कम स्टुलावर ठेवता येतो.

खानदेशातील निरीक्षण : येथील अक्षांश सु. २१° उ. असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून सु. २१° उंच दिसतो. नरतुरंग समूहातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छही मेच्या मध्यास रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास दक्षिणेस जवळजवळ तेवढ्याच उंचीवर येतो. यूरोपच्या बहुतेक भागातून तो दिसत नाही. हिवाळ्यात मृगातील अभ्रिका, कृत्तिका व देवयानी दीर्घिका पाहाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम असला, तरी रात्री दव पडून काचा धूसर होतात. त्या न पुसता कोरड्या होऊ द्याव्यात. उन्हाळ्यात धूळ व उष्णता यांपासून जपावे. दूरदर्शक बंद मोटारीत ठेवू नये. निरीक्षणापूर्वी अर्धा तास तो उघड्यावर ठेवल्यास आरसा हवेच्या तापमानास येतो व प्रतिमा स्थिरावते.

दक्षता : दूरदर्शकातून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये, दृष्टी कायमची जाऊ शकते. नेत्रिकेस लावण्याची काळी काच उष्णतेने तडकते, म्हणून ती वापरू नये. सौर निरीक्षणासाठी द्वारकाच्या पुढे बसविलेली प्रमाणित गाळणीच वापरावी. दिवसा दूरदर्शक झाकून ठेवावा व मुलांच्या हाती एकटा देऊ नये.