वाऱ्यात कोण?

रोड रेसचा निकाल वाचून रेस कळत नाही. कागदावर क्रमांक, नाव आणि वेळ असते. एकविसाव्या क्रमांकावर आलेल्यानं पहिले साठ किलोमीटर कुणासाठी वारा अंगावर घेतला, आणि तिसरा आलेला तिथवर कुणाच्या मागं बसून पोचला, हे त्यात कुठंच येत नाही. सांघिक सायकलिंगचं निम्मं काम मात्र तेच असतं.

सगळ्याचं मूळ हवेत आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगानं जाताना पायांतली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. पुढच्याच्या मागच्या चाकापासून दोन वितींवर टिकून राहिलं, की त्यातला साधारण तिसरा हिस्सा वाचतो. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर त्याहून कितीतरी जास्त वाचतो. आइंडहोवनच्या विद्यापीठातले बर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्यात मधे-मागे सुरक्षित जागी असलेल्याला एकट्याच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के विरोध होतो, असं त्यात दिसलं. म्हणून रोड रेसमध्ये सर्वांत ताकदवान माणूस जिंकेलच असं नाही. दर मिनिटाला एकच प्रश्न असतो: आत्ता वाऱ्यात कोण आहे, आणि कुणासाठी?

आम्ही हे दादरा-सिल्वासाच्या रस्त्यांवर शिकलो. दादरा हा चहूबाजूंनी गुजरातनं वेढलेला तुकडा. इथून सिल्वासाला जायचं म्हटलं तरी मधे गुजरातची हद्द लागते. वापीकडून येणाऱ्या रस्त्यावर दिवसभर ट्रक आणि कंटेनर. आमच्यातले बहुतेक जण सुताच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कारखान्यात शिफ्टवर, त्यामुळे सराव उजाडायच्या आत. सिल्वासा मागं टाकून खानवेलचा रस्ता धरला की झाडी सुरू होते, वाहनं विरळ होतात. वीसेक किलोमीटरवर खानवेल, आणि तिथून दुधनीपर्यंत सतत चढउतार, शेवटी मधुबन धरणाचं पसरलेलं पाणी.

या रस्त्यावर आम्ही पाळी घ्यायला शिकलो. पुढच्यानं वीस-तीस सेकंद ओढायचं, कोपर हलवून खूण करायची, बाजूला सरकायचं आणि रांगेच्या शेपटाला जाऊन चिकटायचं. ऐकायला सोपं आहे. अवघड आहे ते पुढं आल्यावर जोर न लावणं. नव्या मुलाला पुढची जागा मिळाली की ताकद दाखवावीशी वाटते, वेग ताशी दोन किलोमीटरनं वाढतो, आणि चौथ्या-पाचव्या माणसापुढं फट पडते. मागून ‘गॅप! गॅप!’ अशी ओरड होते. ती फट भरायला शेवटच्याला जी धाव घ्यावी लागते, ती घाटात त्याच्या पायांतून वसूल होते. पाणी उघडं लागतं तिथं वारा बाजूनं येतो. तेव्हा सरळ रांगेचा उपयोग नसतो, तिरकी रांग धरावी लागते. रस्ता रुंद असेल तितक्यांनाच त्या रांगेत आडोसा मिळतो, शेवटचा बिचारा कडेच्या खडीवर. मोठ्या स्पर्धांत संघ मुद्दाम अशा ठिकाणी वेग वाढवून घोळक्याचे तुकडे पाडतात. वाऱ्याची दिशा आधी ओळखणारा संघ तिथं निम्मी रेस जिंकतो.

दोन दिवसांच्या एका खुल्या स्पर्धेत आम्ही पाच जण उतरलो. पहिल्या दिवशी आमचा खानवेलकडचा पोरगा पहिल्यापेक्षा अर्ध्या मिनिटानं मागं, पाचवा. वजन कमी, चढाला जन्मजात हलका. दुसरा टप्पा सत्तर किलोमीटर सपाट आणि शेवटी घाट. आदल्या रात्रीच ठरलं: उद्या फक्त त्याच्यासाठी. टप्प्यांच्या स्पर्धेत वेळेची बेरीज होते, आणि एका घोळक्यात येणाऱ्या सगळ्यांना एकच वेळ मिळते. म्हणजे सपाटीवर त्यानं काहीही जिंकायचं नव्हतं. ताजं राहून घाटापाशी पोचायचं, एवढंच.

आमचा एक गडी सुरुवातीलाच पळालेल्या चौघांत शिरला. त्याला तिथं काम करायचं नव्हतं. शेपटाला बसून राहायचं, पाळी घ्यायची नाही, बाकीच्यांनी कितीही शिव्या दिल्या तरी. पळालेल्यांत आपला माणूस असला की मागं पाठलाग करायची जबाबदारी दुसऱ्या संघांवर पडते. आमच्यासारख्या लहान संघाला सेनादल किंवा रेल्वेच्या तयारीच्या स्वारांसमोर टिकायला ही एकच युक्ती परवडते.

पळालेल्यांकडं दुर्लक्ष करणं किती महाग पडू शकतं, हे जगानं २५ जुलै २०२१ रोजी पाहिलं. टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या रोड रेसमध्ये ऑस्ट्रियाची ॲना किसेनहोफर सुरुवातीलाच निघाली आणि शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटीनं ओढून जिंकली. ती गणिताची डॉक्टरेट केलेली, कुठल्याही व्यावसायिक संघात नसलेली. ऑलिंपिकमध्ये स्वारांना कानातला रेडिओ नसतो. नेदरलँड्सच्या ॲनेमिक व्हान व्ल्यूटेननं दुसरी येऊन सोनं मिळालं समजून हात उंचावले. इतक्या मोठ्या संघांनी पुढं कोण आहे याची मोजदादच नीट ठेवली नव्हती.

आमच्या पोराचं मागचं चाक पंचावन्नाव्या किलोमीटरच्या आसपास बसलं. आमच्यामागं संघाची गाडी नव्हती. पण एकाच संघातल्या स्वारांनी एकमेकांना चाक देणं नियमात बसतं, आणि त्याची तयारी आम्ही केलेली होती. त्याची आणि आमच्यातल्या एकाची सायकल रिम-ब्रेकची, कॅसेट सारखी. दोघंही थांबता थांबताच साखळी सगळ्यात लहान चक्रावर आणून उतरले. ब्रेकचा खटका उघडला, चाकाची कळ फिरवली. मी पोराची सायकल मागून उचलून धरली. पंक्चर झालेलं चाक निखळून खाली पडलं, दुसरं आत बसलं, साखळी त्यावर चढली, कळ आवळली, पॅडल उलटं फिरवून एकदा पाहिलं. ज्यानं चाक दिलं त्याची रेस त्या क्षणी संपली. त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “जा, बघू नको मागं.”

मग आम्ही दोघं ओढायला आणि तो मागं. घोळका वळणापलीकडं दिसेनासा झाला होता. आमच्या पाळ्या लहान होत गेल्या. वीस सेकंद, मग पंधरा. तोंडाला धुळीची चव, मानेत गोळे. मधेच तो मागून म्हणाला, “दादा, एक पाळी घेतो मी.”

“गप मागं बस.”

त्याला ते सहन होत नव्हतं, हे कळत होतं. आपल्यासाठी दोन माणसं जळताहेत आणि आपण नुसते पाय फिरवतोय, हे बसून बघायलाही शिस्त लागते. नायक होणं म्हणजे दुसऱ्याचे कष्ट स्वीकारण्याचं धैर्य असणं, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

घाटाच्या पायथ्याच्या अलीकडं आम्ही घोळका गाठला. तिथंच थांबून चालणार नव्हतं. पायथ्याशी वळण अरुंद होतं, आणि मागं राहिलेल्याला पुढचे सुटलेले दिसतसुद्धा नाहीत. कडेकडेनं त्याला पहिल्या दहात नेऊन सोडलं आणि माझे पाय संपले. चढावर वेग ताशी बारा-पंधरावर येतो, आडोशाचा फायदा जवळजवळ उरत नाही, तिथं ज्याचं त्यालाच चढावं लागतं. म्हणूनच मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळा मान देत आले. पण तो राजा घाटाच्या तोंडाशी किती ताजा पोचला, हे खाली ठरलेलं असतं.

वर काय झालं ते नंतर कळलं. पळालेल्यांतला आमचा गडी अर्ध्या घाटात मुद्दाम रेंगाळला, आपली भरलेली बाटली पोराला दिली, आणि सगळा दिवस राखून ठेवलेली ताकद एका किलोमीटरमध्ये त्याच्यापुढं ओतली. पोरगा एकूण वेळेत तिसरा आला.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला हजारो माणसं उभी होती. घोळका समोरून काही सेकंदांत निघून जातो. नवख्या प्रेक्षकानं तेव्हा सर्वांत पुढच्याकडंच न बघता एकाच रंगाच्या जर्सीवाले एकत्र कुठं आहेत ते बघावं. त्यांच्यात वाऱ्यात कोण आणि आडोशाला कोण हे दिसलं, की त्या संघाचा त्या दिवसाचा नायक ओळखता येतो. वर्तमानपत्रांनीही विजेत्याच्या नावाशेजारी त्याला तिथवर आणणाऱ्यांची नावं छापावीत, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायची, ही व्यावसायिक सायकलिंगमधली जुनी रीत. आम्हीही पाच सारखे वाटे केले. पोराला ते पटेना. चाक देणाऱ्याला दोन वाटे द्या म्हणाला. त्यानं नाही म्हटलं. शेवटी त्या वाट्यांमधून थोडे थोडे काढून दोन जादा चाकं घेतली, सगळ्यांच्या सायकलींना बसतील अशी. पुढची स्पर्धा सपाट रस्त्यावरची आहे, चढच नाही. तिथं नायक दुसरा असेल, आणि खानवेलचा पोरगा वाऱ्यात.